ब्राकचा कंगवा

आण्णांच्या रंगाच्या पेटीत एक कंगवा होता आणि त्याला हात लावायची आम्हा भावंडांना बंदी होती. केस विंचरायचा नव्हे. सायकलच्या जुन्या टायरचा वीतभर तुकडा कापून त्याला ब्लेडनं दात पाडलेले, काही जाड, काही बारीक, मुद्दाम कमीजास्त. कुणाचं लोखंडी कपाट किंवा पत्र्याचं दार ‘सागवानी’ करून द्यायचं काम आलं की तो बाहेर निघायचा. आदल्या दिवशी पिवळट रंगाचा हात मारून वाळवलेला असायचा. त्यावर अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन घालून पातळ केलेला तपकिरी रंग लावायचा आणि तो ओला असतानाच वरून खाली कंगवा ओढायचा. ओढताना मनगट मध्येच किंचित डुलवायचं. मग अंगठ्याला फडकं गुंडाळून एखाद-दुसरी गाठ उमटवायची. दुसऱ्या दिवशी व्हार्निश. पत्र्याचं लाकूड व्हायचं. लांबून तर सुतारसुद्धा फसायचा.

आण्णा बोर्ड पेंटर. इचलकरंजीतल्या निम्म्या पेठेचे बोर्ड त्यांच्या हातचे होते. सूत मारून रेघा पाडायच्या, अक्षराला उजवीकडून खाली सावली द्यायची, आकड्यांसाठी जाड पुठ्ठ्याची स्टेन्सिल कापायची, आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात वेलांटी लांबवून सही. सही मात्र कधी चुकली नाही. “सही नसंल तर फुडचं काम कोण देणार?” असं म्हणायचे. आमच्या भागात पेंटर हा शब्द काही कमी मानाचा नव्हता म्हणा. कोल्हापूरचे बाबूराव मिस्त्री आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवता रंगवता इतके नावारूपाला आले, की पुढे लोकांनी त्यांचं आडनावच पेंटर करून टाकलं.

मला हे सगळं कळायला उशीर झाला, कारण मधल्या काळात मी कला शिकले.

आर्ट टीचर डिप्लोमाला असताना पाश्चात्त्य आधुनिक कला आमच्यापर्यंत आली ती वहीतून. सर सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. दृक्प्रत्ययवाद, नवदृक्प्रत्ययवाद, अभिव्यक्तिवाद, घनवाद, भविष्यवाद, दादावाद, अतिवास्तववाद. प्रत्येक वादाला एक साल, दोन-तीन चित्रकार आणि पाच वैशिष्ट्यं. चित्रं पोस्टाच्या तिकिटाएवढी, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली. घनवादाचं चित्र म्हणून जे होतं त्यात करड्या डागांशिवाय काही दिसत नव्हतं. पुढे मूळ चित्र पाहिल्यावर कळलं, की त्यात फारसा दोष झेरॉक्सचा नव्हता. परीक्षेत ‘टीप लिहा : घनवाद’ हमखास यायचं. ‘पिकासो व ब्राक यांनी’ अशी सुरुवात करून मी पाचपैकी चार गुण मिळवले. ब्राक म्हणजे ‘व’च्या पुढचा माणूस. त्याला जॉर्ज असं नाव आहे, त्याला आईबाप असतील, हे कधी डोक्यातही आलं नाही.

आईनं एकदा वही चाळली आणि विचारलं, “एवढे वाद? सारखे भांडतच होते काय हे?”

तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटतं, आईचा प्रश्न आमच्या टिपणांपेक्षा शहाणा होता. यातली बरीच नावं भांडणातूनच पडलेली आहेत, आणि तीही चित्रकारांनी ठेवलेली नाहीत. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या रिकाम्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन भरवलं. मोनेच्या एका चित्राच्या नावात ‘इंप्रेशन’ असा शब्द होता. लुई लरुआ नावाच्या पत्रकारानं तोच धरून सगळ्यांची टिंगल केली, भिंतीला चिकटवायचा अर्धवट कागदसुद्धा याहून पूर्ण असतो, अशा चालीवर. झाला दृक्प्रत्ययवाद, म्हणजे इंप्रेशनिझम. पुढे १९०५ मध्ये लुई व्होसेल या समीक्षकाला मातिस आणि मंडळींची भडक चित्रं पाहून जंगली जनावरं आठवली आणि त्यांचं नाव फॉव पडलं. आणि गंमत अशी, की तीन वर्षांनी याच व्होसेलनं एका तरुण चित्रकाराबद्दल लिहिलं, की हा घरं, माणसं, देखावे सगळ्याचे ठोकळे करून टाकतो. त्या ठोकळ्यांवरून घनवाद. एकाच माणसाच्या तिरकस लेखणीतून दोन वाद निघाले आणि आम्ही ते लाल शाईनं अधोरेखित करून पाठ केले.

ठोकळेवाला तो तरुण म्हणजे ब्राक. पिकासो नव्हे. हेही आमच्या वहीत नव्हतं.

या वादांची वंशावळ मांडायची हौस मात्र जुनी आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा पहिला संचालक आल्फ्रेड बार यानं १९३६ च्या एका प्रदर्शनासाठी तक्ता केला होता. वर १८९०, खाली १९३५, मध्ये चौकटी आणि बाण, अमुक वादातून तमुक वाद निघाला असे. एखाद्या घराण्याचा कुलवृत्तान्त असावा तसा. तक्ता देखणा आहे, शिकवायला सोयीचाही आहे. मी स्वतः शाळेत पंचवीस वर्षं तोच वेगवेगळ्या रूपांत फळ्यावर काढला. त्यात बाणाच्या एका टोकाशी कुणाचा तरी हात असतो आणि त्या हाताला आधी कुठलंतरी काम येत असतं, हे मात्र बाणाला दाखवता येत नाही.

डिप्लोमाच्याच पहिल्या वर्षाची एक गोष्ट. संकल्पचित्रात मी अक्षरं घातली होती आणि त्यांना सावली दिली होती. उजवीकडून खाली, घरी बघितलेली तशी. सरांनी कागद वर धरून वर्गाला दाखवला आणि म्हणाले, “हे बोर्ड पेंटरसारखं झालंय.” वर्ग हसला. वडील काय करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पुढे वडिलांचा धंदा विचारला की मी ‘आर्टिस्ट’ असं लिहू लागले. ते खोटं नव्हतं, पण मी लिहायची त्या अर्थानं खरंही नव्हतं.

गेल्या वर्षी मुलाकडे बाझेलला गेले. तो तिथं एका औषध कंपनीत आहे. ऱ्हाइनच्या काठचं हे टुमदार स्विस गाव, ट्राममधून अर्ध्या तासात संपावं एवढं. पण त्याचं चित्रसंग्रहालय असं, की आपण दबकून चालावं. या गावाला चित्रांचं वेडच आहे. १९६७ मध्ये पिकासोची दोन चित्रं गावातून विकली जाणार अशी वेळ आली, तेव्हा ती विकत घेण्यासाठी साठ लाख फ्रँक सरकारी तिजोरीतून द्यायचे का, यावर लोकांनी चक्क मतदान केलं आणि ‘द्या’ म्हणून कौल दिला. उरलेले पैसे रस्त्यावर झोळी फिरवून जमवले. ते ऐकून म्हाताऱ्या पिकासोला इतकं भरून आलं, की त्यानं आणखी चार कलाकृती फुकट दिल्या. हे वाचल्यापासून आमच्या महानगरपालिकेची सभा डोळ्यांसमोर आणून पाहतेय, जमत नाही.

तर त्या संग्रहालयात घनवादाच्या दालनात मी उभी होते. समोर ब्राकचं ‘व्हायोलिन आणि सुरई’, १९०९-१० सालचं. चार फुटांच्या आसपास उंच. व्हायोलिन फुटलेल्या आरशात पाहावं तसं, सुरईचे पैलू पडलेले, भिंत कुठे संपते आणि टेबल कुठे सुरू होतं याचा पत्ता नाही. रंग म्हणाल तर राख, माती आणि शेवाळ. अगदी वर, मात्र, एक खिळा. साधा, सरळ, भिंतीत ठोकलेला आणि त्याची सावली पडलेली. बाकी सगळं जग मोडलेलं आणि हा खिळा एखाद्या बोर्डावर रंगवावा इतका चोख.

मला हसूच आलं. आण्णांनी एकदा एका हॉटेलच्या भिंतीवर असाच खिळा रंगवला होता. गिऱ्हाइकं त्यावर टोपी अडकवायला जायची.

पुढचं चित्र ‘ल पोर्तुगे’, १९११-१२. कुणी वाद्य वाजवणारा आहे म्हणतात. खांदा सापडतो, तारा सापडतात, पुन्हा हरवतात. आणि त्या धुक्यावर स्टेन्सिलनं मारलेली अक्षरं आणि आकडे: डी, मग बी-ए-एल, म्हणजे फ्रेंचमध्ये नाच, खाली १०,४०. नाचाच्या कार्यक्रमाचा फाटका जाहिरात-कागद भिंतीवर राहावा तसं. अक्षरांच्या मध्ये ती बारीक फट, स्टेन्सिलचा पूल राहतो तिथली. ती फट बघून बोर्ड पेंटरच्या मुलीला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

आणि मग पिकासोचं ‘कवी’, १९१२. जेमतेम दोन फूट उंच. चेहऱ्याचे त्रिकोण आणि चौकटी, आणि त्यात मिशा आणि केस असे, की मी गार्डकडे एकदा बघून घेतलं आणि नाक कॅनव्हासच्या जेवढं जवळ नेता येईल तेवढं नेलं. समांतर, किंचित डुलत गेलेल्या रेषा. ओल्या रंगातून ओढलेल्या.

हा कंगवा होता.

त्या रात्री मुलाच्या लॅपटॉपवर बसून, तीस वर्षांपूर्वी करायला हवा होता तो अभ्यास मी केला. ब्राकला खरंच आईबाप निघाले. जन्म १८८२, पॅरिसजवळच्या आर्जांतय गावी. बाप घरं रंगवायची कंत्राटं घ्यायचा. आजोबाही त्याच धंद्यात. बाप सुट्टीच्या दिवशी हौसेनं देखावे रंगवायचा. मुलगा आठ वर्षांचा असताना कुटुंब ल हाव्र या बंदरात गेलं. ब्राक तिथं संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गाला जायचा आणि दिवसा धंदा शिकायचा. १९०० मध्ये तो पॅरिसला गेला तो चित्रकार व्हायला नव्हे, सजावटीच्या रंगकामाची उमेदवारी पुरी करायला. खोटं लाकूड, खोटा संगमरवर, पाट्यांवरची अक्षरं हा त्याचा रीतसर शिकलेला, कारागीर म्हणून दाखला मिळवलेला धंदा.

म्हणजे आमच्याच घरातला.

मग सगळं क्रमानं लागायला लागलं. १९०७ मध्ये पिकासोच्या स्टुडिओत त्यानं ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ हे आठ फूट उंचीचं चित्र पाहिलं, पाच नागड्या बायकांचं, कुऱ्हाडीनं तासल्यासारखं. ते पाहून तो म्हणाला, तू आम्हाला काथ्या खायला आणि रॉकेल प्यायला सांगतोयस. निरनिराळ्या माणसांनी हे वाक्य निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितलंय, पण काथ्या आणि रॉकेल बहुतेकांत आहे. मला त्यातही कारागीरच ऐकू येतो. पुढच्या उन्हाळ्यात तो दक्षिणेला लेस्ताकला गेला. तिथं त्याच्याआधी सेझाननं चित्रं काढली होती, आणि सेझान वारल्याला दोनच वर्षं झालेली. तिथली घरं ब्राकनं दारं-खिडक्यांशिवाय, एकावर एक रचलेल्या खोक्यांसारखी रंगवली. पॅरिसच्या सालाँ या वार्षिक प्रदर्शनाच्या निवड समितीनं ती नाकारली. समितीत मातिस होता. कानवायलर नावाच्या तरुण जर्मन विक्रेत्यानं नोव्हेंबर १९०८ मध्ये ती आपल्या छोट्या गॅलरीत लावली. त्यावरच व्होसेल ठोकळ्यांबद्दल बोलला.

पुढची पाच-सहा वर्षं ब्राक आणि पिकासो जवळजवळ रोज एकमेकांची चित्रं तपासत होते. एका दोराला बांधलेल्या गिर्यारोहकांसारखे आम्ही होतो, असं ब्राकनं नंतर म्हटलंय. चित्रांवर पुढून सही करायची नाही, केली तर पाठीमागे, असा या काळात दोघांचाही प्रघात. कोणतं चित्र कुणाचं, हे आज तज्ज्ञांनाही कधीकधी बघताक्षणी सांगता येत नाही. (आण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी ‘मग येडंच हुतं दोघंबी’ असा निकाल दिला.) एक किस्सा पिकासो सांगायचा. ब्राकच्या एका चित्रात त्याला तंबाखूच्या पुडीच्या जागी खार दिसली. तो म्हणाला, इथं खार आहे. ब्राकलाही मग ती दिसली, आणि एकदा दिसल्यावर जाईना. खारीला हुसकून काढायला ब्राक बिचारा कित्येक दिवस चित्राशी झगडत होता. घनवाद म्हणजे चौथी मिती, आइन्स्टाइन वगैरे जे आम्ही लिहिलं, त्यापेक्षा या खारीतून मला तो जास्त कळला. वस्तू मोडून मांडायची, पण ती भलतीच वस्तू होता कामा नये. किती मोडलं म्हणजे पुडीची खार होते, याचा माग काढत ते दोघं काठाकाठानं चालले होते.

१९११ च्या सुमाराला ते अशा टोकाला पोचले, की पुढे एक पाऊल टाकलं तर चित्रात काहीच ओळखू येणार नाही. निव्वळ रेषा आणि करडे डाग उरतील. दोघांनाही ते नको होतं. इथं ब्राकनं हात घातला तो आपल्या जुन्या पेटीत. आधी स्टेन्सिलची अक्षरं आली. अक्षर मुळातच सपाट असतं, त्याला ना पुढची बाजू ना मागची, म्हणून ते मोडता येत नाही आणि ते शेजारी असलं की बाकीच्या वस्तूंची खोली कळते, अशा अर्थाचं त्यानं स्वतःच नंतर सांगितलंय. मग कंगवा. संगीतकार बाखच्या नावानं केलेल्या एका चित्रात व्हायोलिनचं लाकूड म्हणून त्यानं कंगव्याच्या रेषा ओढल्या. व्हायोलिनचा आकार गेला तरी चालेल, लाकूडपण राहिलं. मग रंगात वाळू, भुसा. भिंत खरखरीत करायला रंगारी करतात ते.

कंगवा त्यानं पिकासोला शिकवला. पिकासोचा बाप चित्रकलेचा शिक्षक. त्याच्या घरात ही विद्या नव्हती. आणि पिकासोनं काय केलं, तर लाकूड काढायचं सोडून त्या कंगव्यानं माणसाच्या मिशा विंचरल्या. तेच बाझेलमधलं ‘कवी’.

१९१२ चा तो उन्हाळा दोघांनी आव्हिन्योंजवळ सॉर्ग या गावी घालवला. ब्राकला आव्हिन्योंतल्या एका दुकानात भिंतीला चिकटवायचा छापील कागद दिसला, ओक लाकडाच्या नक्षीचा. सप्टेंबरमध्ये पिकासो काही दिवस पॅरिसला गेला असताना त्यानं तो आणला, पट्ट्या कापल्या, पांढऱ्या कागदावर चिकटवल्या आणि कोळशानं फळांची थाळी आणि पेला काढला. हे पहिलं पापिए कोले, म्हणजे चिकटवलेल्या कागदांचं चित्र. आज दिसायला ते किती साधं आहे! आमच्या पाचवीच्या पोरी कार्यानुभवाच्या तासाला करतात तसं. पण त्यात एक मोठी गोष्ट झाली. रंग आणि आकार यांची फारकत झाली. लाकडाचा तपकिरी रंग एका जागी आणि टेबलाची कड भलतीकडेच. रंगानं आकाराच्या आत राहायची सक्ती संपली. पिकासोनं ऑक्टोबरमध्ये त्याला पत्रात कळवलं, की तुझ्या त्या कागदी आणि धुळीच्या युक्त्या मीही वापरतोय. (पिकासोनं त्याच वर्षी मे महिन्यात मेणकापड चिकटवलेलं खुर्चीचं चित्र केलं होतं, तेव्हा चिकटवण्याचा मान कुणाचा यावर वाद आहे. असू दे.)

इथं मला स्वतःला आवरावं लागतं. आण्णा ब्राक नव्हते. असं लिहायचा मोह बाझेलच्या त्या रात्री मला झाला होता, की बघा, माझे वडील घनवादी होते आणि कुणाला कळलं नाही. तसं नाही. आण्णांचा कंगवा फसवण्यासाठी होता. पत्रा हा पत्रा आहे हे गिऱ्हाइकाला विसरता आलं पाहिजे, त्याचेच पैसे. ब्राक नेमकं उलटं करत होता. त्याचं लाकूड पाहून कुणालाही लाकूड वाटत नाही. ते ‘लाकूड’ या शब्दासारखं आहे, वस्तूच्या जागी ठेवलेली खूण. हत्यार एकच, मनगटाचं वळणही एकच, काम दोन टोकांचं. हा फरक मोठा आहे आणि तो पुसला तर दोघांवरही अन्याय होईल. माझी तक्रार वेगळी आहे. एका वर्गात जी गोष्ट दाखवून पोरं हसवली गेली, तीच गोष्ट शेजारच्या तासाला आम्हाला पाच वैशिष्ट्यांपैकी तिसरं वैशिष्ट्य म्हणून लिहायला लावली, आणि या दोन गोष्टींची कुणी ओळखच करून दिली नाही. सरांनाही ती नसावी. त्यांच्याही वहीत ‘व’च असणार.

पुढची हकिकत थोडक्यात. २ ऑगस्ट १९१४ ला पिकासोनं ब्राकला आव्हिन्योंच्या स्टेशनवर लढाईला जाताना निरोप दिला. स्पेनचा नागरिक असल्यानं त्याला स्वतःला जायचं नव्हतं. मे १९१५ मध्ये ब्राकच्या डोक्याला जखम झाली, कवटी उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. काही काळ डोळ्यांनी दिसत नव्हतं. बरा होऊन तो पुन्हा रंगवायला लागला आणि १९६३ पर्यंत रंगवत राहिला, पण तो दोर तुटला तो तुटलाच. कानवायलर जर्मन, म्हणून फ्रेंच सरकारनं त्याचा सगळा साठा शत्रूचा माल म्हणून जप्त केला आणि १९२१ ते १९२३ मध्ये चार लिलावांत फुंकून टाकला. भाव कोसळले. लिलावाला तज्ज्ञ म्हणून उभा राहिलेला लेओन्स रोझेनबर्ग दिसताच ब्राकनं त्याच्यावर हात टाकला. ब्राक अंगापिंडानं थोराड, मुष्टियुद्ध खेळलेला. रोझेनबर्गचं काय झालं असेल याची कल्पना करवते. याच लिलावांतून राऊल ला रोश या बाझेलच्या, पण पॅरिसमध्ये राहणाऱ्या बँकवाल्यानं पुष्कळ चित्रं उचलली आणि १९५२ मध्ये आपल्या गावाला देऊन टाकली. म्हणून ‘ल पोर्तुगे’ आणि तो खिळा ऱ्हाइनकाठी.

दुसऱ्या दिवशी मी परत संग्रहालयात गेले, फोटो काढले आणि आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आण्णा चौऱ्याऐंशीचे. बोटं वाकली आहेत, डोळे मात्र मोतीबिंदू काढल्यापासून पुन्हा धारदार. भाच्यानं फोन धरला होता. आधी खिळा दाखवला. “बेस,” म्हणाले. स्टेन्सिल दाखवली. “पुठ्ठा न्हाई, पत्र्याची असंल. कड बघ किती साफ हाय.” मग ‘कवी’ दाखवला, मिशांवर मोठा करून.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

“कंगवा हाय,” ते म्हणाले.

“होय आण्णा.”

“ह्यानं लाकूड काढलंच न्हाई की. केस काढल्यात.” आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. “कंगव्यानं केस! आरं, बरोबरच की! आमच्या काय ध्येनात आलं न्हाई.” भाचा घाबरून त्यांना पाणी देत होता.

शेवटी मी फळांच्या थाळीचा फोटो पाठवला, तो चिकटवलेल्या कागदाचा, इंटरनेटवरून घेतलेला. मुद्दाम काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा लावला, काढला. “हे हाताचं न्हवं. छापील हाय.” कशावरून म्हणून विचारलं तर म्हणाले, हाताच्या कामात मनगट दमतं, शेवटाकडं रेघ बदलते; ही दमलेली नाही. कलेच्या इतिहासावरचं जे काही मी त्या आठवड्यात वाचलं होतं, त्यात हे कुठे नव्हतं.

मग त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला. या माणसाचं पोट कशावर चालायचं? मी वाचलेलं सांगितलं, की १९१२ च्या शेवटी त्यानं कानवायलरशी करार केला, सगळी चित्रं त्यालाच द्यायची, आणि दर चित्राच्या आकारावर ठरलेले.

“म्हंजे स्क्वेअर फुटानं,” आण्णा म्हणाले.

“तसंच.”

“आनि सही मागनं?”

“मागून.”

त्यांनी मान हलवली. हे काही त्यांना पटलेलं दिसलं नाही.

परत आल्यावर मी पेटी उघडून घेतली. आता बंदी कोण घालणार? ब्रश कडक झालेले, स्टेन्सिलींना वाळवी लागलेली, आणि तळाशी कंगवा. हातात घेतला तर दोन दात तुटून पडले. रबर पार वाळलं होतं. आण्णा कॉटवरून बघत होते. नवा करून देतो म्हणाले, मी सांगतो तसं तू काप. टायर आण. सायकलचाच आण, मोटारसायकलचा जाड पडतो.